खालची दारं

३ जून १९५८
आजही पातळी जुळली नाही. रोज सकाळी कालव्याचं वरच्या अंगाचं पाणी एकदम उतरतं. लॉकची, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या हौदाची, दारं गळत असतील म्हणून पालथा पडून पाहिलं. टिपूस नाही. शर्टाची मात्र वाट लागली.
प्रबंधाचे मार्गदर्शक प्रो. म्हणतात, कारण शोधा. माझ्याच मोजणीवर इथली जर्मन कालवा कचेरी ठरवणार, हे जुनं लॉक ठेवायचं की बुजवायचं. बुजवलं तर बेककाकूंची नोकरी जाणार आणि हे घरही, कारण घर लॉक चालवणाऱ्याचं. मी त्यांचा भाडेकरू. म्हणजे जिच्या हातचं खातोय तिचंच भवितव्य मोजतोय. बरं लचांड गळ्यात पडलंय.

५ जून
काकूंना लॉकचा इतिहास विचारला. ओरडूनच विचारावा लागतो. डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्यानं मनात असेल तेवढं.
भिंती आजेसासऱ्यांच्या वेळच्या. दारं सासऱ्यांनी बसवली. युद्ध संपता संपता पळत्या सैन्यानं वरचं दार सुरुंगानं उडवलं. यजमान एर्विन तेव्हा लढाईवर. काकूंनी गावातल्या सुताराला हाताशी धरलं, बॉम्बनं पडलेल्या चर्चचे ओकचे वासे आणले आणि दार उभं केलं.
"चर्चचे?"
"छप्परच नव्हतं. देव वासे घेऊन काय करणार होता?"
धन्य बाई. वर सूप वाढताना जर्मन 'श्रीयुत' लावून म्हणे, "खा, हेर लेले. तुमच्या वजनानं दार ढकललं जात नाही."

९ जून
कारण सापडलं. न सापडतं तर बरं.
संध्याकाळी शेवटची बोट वर गेली. हौद काठोकाठ. तो तसाच ठेवायचा असतो, सकाळची पहिली बोट वरूनच येते, खडी घेऊन. पण काकूंनी झडपा उघडल्या, अख्खा हौद खाली सोडला, आणि खालची दारं सताड उघडी टाकून हात पुसत घराकडे निघाल्या. सकाळी वरच्या पाण्यानं पुन्हा भरायचा. एवढी उधळपट्टी. मी तावातावानं खाली गेलो.
"रोज असंच करता?"
"रोज."
"पण का?"
"एर्विन इथूनच बोटीत बसून खाली ऱ्हाईनकडे गेला. येईल तोही खालूनच. मला बोटीचा भोंगा ऐकू येत नाही. दारं बंद दिसली तर तो बाहेर थांबणार किती?"
रशियातले शेवटचे जर्मन युद्धकैदी परत आले त्याला दोन वर्षं होऊन गेली. हे त्यांना ठाऊक नाही थोडंच. तसाच खोलीवर आलो. जेवणही गेलं नाही.

१४ जून
आहे तसं कळवावं तर लॉक वाचतं, काकूंची नोकरी जाते. गप्प बसावं तर ठपका दारांवर आणि सगळंच बुजतं. त्यांनी आपणहून थांबवलं आणि नव्यानं मोजलं, तरच निभावेल. प्रो. नव्या मोजणीला तयार आहेत. काकूंना सांगायचं कोणी? मीच. झक मारली आणि इथं खोली घेतली.

१५ जून
सांगितलं. उजव्या बाजूला बसून, न ओरडता. ऐकू गेलं. काकू बराच वेळ तोच चमचा पुसत होत्या.
"आल्झो," त्या म्हणाल्या, म्हणजे बरं तर. "लॉक नसेल तर एर्विन येणार कुठं?"
"गेनाऊ," मी म्हणालो, म्हणजे अगदी बरोबर. असं कोरडं बोलतात का माणसाशी? माझी मलाच लाज वाटली.

१६ जून
हौद भरलेला राहिला. पातळी जुळली. प्रबंध मार्गी लागला, नाचायला हवं होतं.
काकू जेवायला आल्या नाहीत. शाल घेऊन खालच्या बंद दारांपाशी बसलेल्या. शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, माझी खिडकी खालच्या अंगाला आहे. भोंगा वाजला तर मी ऐकेन, दारं उघडेन आणि मग तुम्हाला उठवेन. त्यांनी माझा हात घट्ट धरला. खरखरीत हात. आईची फार आठवण आली.
मध्यरात्र झाली, आता माझीच झोप उडाली आहे. बदक ओरडलं तरी उठून बसतोय.

२० जुलै
कचेरीचा निरोप आला. लॉक तूर्त राहतंय. 'तूर्त' म्हणजे किती, ते कोणी सांगेना. काकूंनी चेरीचा केक केला, मला भलामोठा तुकडा वाढला.
"डॉक्टर झालात की घरी?"
"हो. हिवाळ्यात. आई वाट पाहतेय."
"मग जायलाच हवं. आईला थांबवू नये." कॉफी ओतली, माझी आणि स्वतःची. मग अगदी सहज विचारल्यासारखं, "तुमच्या संस्थेत विचाराल का? खोली द्यायची आहे म्हणावं. भाडं कमी घेईन. फक्त कान चांगले हवेत."
विचारतो म्हणालो. अजून कोणाला विचारलेलं नाही.