तुसाचा ढीग आणि माझी केबिन

९ जुलै १९७३
भात भिजवायच्या पाण्याला वाफ देणारा आमचा बॉयलर म्हातारा झाला. नवा निवडायचे काम शेठनी माझ्यावर सोपवले. दहिवलीच्या या पोह्यांच्या गिरणीत डोके असलेला दुसरा आहेच कोण! दिवाळीची ऑर्डर नव्या बॉयलरवर वेळेत गेली तर मी मॅनेजर. नाही गेली तर काय, ते शेठ बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

१४ जुलै
तीन कॅटलॉग वाचले. म्हणजे चित्रे पाहिली. तेलावर चालणारा, ऑटोमॅटिक, आकाशी रंगाचा पसंत केला. बटण दाबा, वाफ तयार. इथे धर्माजी अठरा वर्षे बॉयलरच्या तोंडात फावड्याने भाताचे तूस ढकलतोय. माणूस आहे की बैल?

१५ जुलै, दुपारी
गरज नव्हती, तरी मोठ्या मनाने धर्माजीला चित्र दाखवले. म्हणाला, "रंग ब्येस हाय, सायेब. पन तूस आपल्याच गिरनीत पडतंय. त्याल नाय आलं तर काय जाळनार?" अडाणी. कॅटलॉगमध्ये असे काही लिहिलेले नाही.

१२ सप्टेंबर
नवा बॉयलर पास झाला. इन्स्पेक्टर रंगाबद्दल चकार शब्द बोलला नाही. शिष्ट.
जुना बॉयलर कशेळ्याच्या गिरणीवाल्याने भंगाराच्या भावात नेला. धर्माजीलाही नेले. भंगाराबरोबर भंगार गेले.

२६ सप्टेंबर
मॅनेजरची रिकामी केबिन घेतली. शेठ दिवाळीनंतर म्हणाले होते, पण नावाची पाटी रंगवून वाळायला वेळ लागतोच की.

४ ऑक्टोबर
तूस आता जळत नाही, साठते. ढीग केबिनच्या खिडकीला टेकला. पाखडणाऱ्या विमलबाई विचारतात, "सायेब, तुमचा बॉयलर ह्ये खात नाय व्हय?" असल्यांना काय समजावणार? संकल्प: विमलबाईंशी बोलणे बंद. ढीग उद्या हलवणे.

९ ऑक्टोबर
ढीग उद्या नक्की. खिडकी उघडत नाही. नाहीतरी वारा मला बाधतोच.

१८ ऑक्टोबर
तेलाचा टँकर आला नाही. पेपरात अरबांच्या लढाईचे काहीतरी आहे. अरबांचा आणि पोह्यांचा संबंध काय?

२० ऑक्टोबर
एजंटला तीन ट्रंककॉल. म्हणे, साजगावच्या मोठ्या कारखान्यांनाच तेल पुरत नाही, पोह्यांना कोण विचारतो! बटण दाबून पाहिले. लाल दिवा लागला. दिवा उत्तम आहे.

२१ ऑक्टोबर, सकाळी
दिवाळी चार दिवसांवर. शेठनी लाल दिवा पाहिला. सगळा भात ट्रकमध्ये भरायला लावला. पोहे कशेळ्याला करून आणायचे. ड्रायव्हरशेजारी विमलबाई. मी पोत्यांवर.

२१ ऑक्टोबर, संध्याकाळी, कशेळे
जुना बॉयलर निर्लज्जासारखा वाफ सोडतोय. धर्माजीने चहा दिला. एक शब्द लागेल असा बोलला नाही, हा त्याचा उद्धटपणा. माणसे कमी पडली म्हणून माझ्या हाती फावडे दिले. "वाईच पाय फाकवून हुबं ऱ्हावा, सायेब." मी उभा राहिलो.

२४ ऑक्टोबर
ऑर्डर वेळेत गेली. शेठ कशेळ्याला आले ते थेट धर्माजीपुढे हात जोडून उभे. परत चल म्हणाले. तो म्हणाला, "येतो. पन माजा बॉयलर पायजे, आन् हाताखाली मानूस पायजे." मग माझ्याकडे पाहून, "ह्ये सायेब शिकतील."
शेठ लगेच हो म्हणाले. मला कोणी विचारले नाही.
तूस कोरडे राहावे म्हणून ते आता केबिनमध्ये भरणार आहेत. दारावरची पाटी तरी राहू द्या म्हटले.
राहू दिली.