बोराएवढं काळीज

९ फेब्रु.
शीतलची, माझ्या सुनंची, पाचव्या महिन्याची सोनोग्राफी. बाळ पाठ करून बसलेलं. डाक्टरीण म्हणाली, "जरा फिरून या." दोनदा फिरवलं. मला वाटलं, हिला मशीन येत नाय. काळजात खोट दिसली म्हणं. दुसरीकडं धाडलं.

११ फेब्रु.
नुसत्या काळजाची डाक्टरीण. पोरसवदा. लई येळ मशीन फिरवलं, मग टीव्हीवर दाखवलं. बोराएवढं काळीज, चार खोल्या, तांबडं-निळं रगत पळतंय. दोन मोठ्या नळ्या एकीच्या जागी दुसरी. पोटात तरास नाय, भाईर आलं की निळं पडंल. जन्मताच औषध, मग आपरेशन. लपवलं नाय, भेव घातलं नाय. आमच्या येळी निळं पडलं की दृष्ट म्हणायचो अन् पुरून यायचो. हिनं दुखणं पोटातच हेरलं.

१८ एप्रिल
आज पाण्याचा टँकर नाय. विहीणबाई सिल्लोडहून शीतलला न्यायला आल्या. "पयलं बाळंतपण माहेरीच. गावात तोंड कसं दाखवू?"
म्हणलं, "तोंड दाखवाल, नातवंड काय दाखवाल?"
रुसल्या. काळजाच्या डाक्टरणीला फोन लावला, तूच सांग म्हणलं. तिनं मला सांगितलं तसंच सगळं त्यांना पयल्यापासून सांगितलं. न चिडता. सिल्लोडहून गाडी येईस्तवर बाळाला दम निघायचा नाय म्हणाली. बाई एकट्याच परत गेल्या.

२ मे
विहीणबाई टेम्पोत बाजलं, शेगडी, डिंक घेऊन हजर. सामान सिल्लोडचं, म्हणजे बाळंतपण माहेरचंच. पुढची खोली बळकावली. माझ्याच घरात मला "या, बसा" म्हणत्यात. इथं शहरात, गारखेड्यात हंडाभर पाण्याची मारामार, त्यात ह्या. पण डोकं चालवलं खरं.

२६ जून
पोरगी. रडली. अन् ओठ निळे. औषध तयारच होतं, लगेच सलाईन. डाक्टरणीनं पुन्हा मशीन लावलं. पोटात दिसलं तसंच निघालं, रतीभर फरक नाय. तोंडावर वाखाणायचं मला जमत नाय. म्हणलं, "पोरी, जेवलीस का?" नाय म्हणाली. विहीणबाईंनी डबा उघडला.

३० जून
सकाळी आपरेशनला आत नेलं. नर्सनं नाव इचारलं. म्हणलं, शीतलची पोरगी लिव्हा, नाव बारशाला. विहीणबाई लगेच, "बारसं सिल्लोडलाच."
भांडायचं सुचलं नाय. म्हणलं, व्हय, तिथंच. आधी ते आपरेशनचं दार उघडू दे.