सातव्या खुणेवरचा आकडा

सोमवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. इकडे सगळं ठीक. हिची पाठ तशीच, माझं पित्त तसंच, आणि जिन्यातला दिवा अजून लागत नाही. तेव्हा काळजीचं काही कारण नाही. तुझ्या गुडघ्यांबद्दल तू एक ओळ लिहिली नाहीस, म्हणजे दुखत असणार.

तू दोन कामं सांगितलीस. अण्णांची घंटा सासूबाईंच्या खोलीत लावायला हवी आहे, आणि मी मासिकात चार तारे दिलेला तो स्वस्तातला राउटर तू घेते आहेस. 'घरात तज्ज्ञ असताना दुकानदाराला कशाला विचारू?' हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि मला कुणी मध्येच अडवलं की पटकन खोटं सुचतं.

तर हा तज्ज्ञ काम कसं करतो ते ऐक. घरचा जुना राउटर काढायचा, परीक्षेचा नवा दिवाणखान्यात खिडकीशी लावायचा आणि आठवडाभर घर त्याच्यावरच चालवायचं. घरभर फरशीवर लाल चिकटपट्टीच्या आठ खुणा आहेत. प्रत्येक खुणेवर लॅपटॉप घेऊन उभं राहायचं, वेग मोजायचा, वहीत लिहायचा. ही म्हणते, लग्नाच्या वेळी मी बरा होतो. स्वस्त राउटरच्या खोक्यावर चार अँटेना आणि एक हसरं कुटुंब छापलेलं असतं. अँटेनांपैकी दोन खऱ्या निघतात. कुटुंबाचं मला माहीत नाही.

सातवी खूण अण्णांच्या खोलीत, पलंगाच्या पायाशी.

पस्तीस वर्षं वजनमापं तपासलेला माणूस. ते बाजारात शिरले की तराजू आपोआप सरळ व्हायचे. निवृत्तीनंतर तपासायला मी एकटाच उरलो. मी सातव्या खुणेवर आलो की पलंगावरून घोगरा प्रश्न यायचा, "किती?"

मी आकडा सांगायचो.

"दार उघडं आहे."

"हो, अण्णा."

"मी दार लावून राहतो. लावून मोज."

हिच्या मालिकांचा आवाज नको म्हणून ते दिवसभर दार लावून बसत. ते दार तू पाहिलंयस, जाडजूड, आतून पत्रा ठोकलेलं; आधीचा भाडेकरू तिथं माल ठेवायचा. एरवी मी लावून मोजायचो. या राउटरच्या वेळीही लावलं. आकडा आला शून्य. पुन्हा मोजलं, पुन्हा शून्य. मग दार उघडलं. सव्वीस.

"कुठला लिहिलास?"

"उघड्या दाराचा. लोक दारं उघडी ठेवतात हो, अण्णा."

"कुठले लोक?"

मी हसलो. संपादक आधीच म्हणाले होते, या अंकात स्वस्तातलं काही चांगलं दाखवा, दर वेळी काय रडता. मी लिहिलं, 'घराच्या शेवटच्या खोलीतही समाधानकारक.'

ती घंटा त्या आठवड्यात याच राउटरवरून चालत होती, ताई. उशाशी बटण दाबलं की माझा फोन वाजणार. अण्णांचा आवाज बसला तेव्हा तूच आणून दिलीस. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "हाक मारायला यंत्र लागतं, म्हणजे घर मोठं झालं की माणसं बहिरी झाली?" शून्य आकड्याच्या खोलीत घंटाही शून्यच असणार, हे मला समजायला हवं होतं. मला ते सुचलंसुद्धा नाही. मी वेग मोजत होतो.

अण्णा झोपेत गेले असं मी तुला सांगितलं. गेल्या महिन्यातल्या त्या बुधवारी चार वाजता चहा घेऊन गेलो, तेव्हा ते तसे पडले होते, एवढंच खरं. दुपारभर मी दिवाणखान्यात बसून त्याच राउटरचं परीक्षण लिहीत होतो. फोन शेजारी होता, आवाज पूर्ण मोठा. वाजला नाही.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, तू सोफ्यावर बसली होतीस. मुलांचा चेहरा फोनवर दिसत नाही म्हणून कुरकुरलीस, तेव्हा मी नवा काढून जुना लावला. जुन्याला तेवढा दम होता, पत्र्याच्या दारापलीकडे जायचा. दोन मिनिटांत माझा फोन वाजायला लागला. थांबला, परत वाजला. तू तो आवाज कधी ऐकला नव्हतास. विचारलंस, "कोण आहे रे इतकं चिकट?"

"ऑफिस," मी म्हणालो, आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली.

जोडणी नसली तर ते बटण दाबल्याची वेळ साठवून ठेवतं, आणि मिळाली की सगळं एकदम पाठवतं. नऊ वेळा, ताई. पहिली वेळ बुधवारी दोन चाळीसची, शेवटची तीन वाजून पाच मिनिटांची. मध्ये एकदा चार मिनिटं काहीच नाही. त्या चार मिनिटांत त्यांना वाटलं असेल, मी उठलो, येतोय.

डॉक्टरांना मी नंतर आडून विचारलं, वेळेत कळलं असतं तर?

"वेळेत म्हणजे किती?"

"पंचवीस मिनिटं."

ते चष्मा पुसत राहिले.

परीक्षण तोवर छापायला गेलं होतं, असं लिहिणार होतो. गेलं नव्हतं. शनिवारी संपादकांचा फोन आला, दुःखात आहात, पण तेवढं पाठवता का? मी पाठवलं. चार तारे तसेच ठेवले. कमी केले असते तर का, ते कुणालातरी सांगावं लागलं असतं.

तो राउटर घेऊ नकोस. दुसरा कुठलाही घेतलास तरी आधी सासूबाईंच्या खोलीत जा, दार लाव, बटण दाब, आणि बाहेर आवाज जातो का ते विचार. घंटा सोबत पाठवतोय. वहीतलं सातव्या खुणेचं पानही फाडून ठेवलंय. सव्वीसच्या खाली खोडलेलं शून्य दिसेल, उजेडात धरलंस तर.

रागाने उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन. पत्र पोचलं, एवढं मात्र कळव.

तुझा धाकटा,
जो त्या दुपारी घरातच होता