चार दिवस आधीच या

२ फेब्रुवारी, रविवार

पोचले एकदाची हैदराबादला! नामपल्लीला उतरलो तेव्हा माझ्या कडेवर लोणच्याची बरणी आणि मकरंदच्या अंगाखांद्यावर अर्धी सांगली. लग्नाला दोन महिने झाले, पण नोकरीची नोटीस संपेपर्यंत मी माहेरीच होते. आजपासून हे माझं गाव. स्टेशनवर नणंद आली होती, प्राची. गळ्यात पडली आणि पहिलाच धडा दिला: वहिनी, इथे 'नको' म्हणायचं नाही, 'नक्को' म्हणायचं, म्हणजे ऑटोवाले लुटत नाहीत.

विद्यानगरचं घर छान आहे, दुमजली. खाली आई आणि बाबा, वर आमची खोली, प्राचीची खोली आणि मधे एक मोठं जुनं न्हाणीघर. बाबा सरकारी नोकरीतून रिटायर झालेत, दिवसभर पेपर वाचतात आणि कुणी घाई केली की 'हल्लू हल्लू' म्हणतात. आई बोलायला लागल्या की मराठीत तेलुगू कधी शिरतं ते त्यांनाही कळत नाही. प्राचीचं लग्न एकवीस तारखेला. नवरामुलगा संदेश, अफझलगंजला त्याच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. दुपारी प्राची माझ्या पांघरुणात घुसून त्याच्या सगळ्या चहाड्या सांगत बसली. मला सख्खी बहीण नाही. आज मिळाली असं वाटलं, खरंच.

५ फेब्रुवारी, बुधवार

पत्रिका आल्या. प्राचीला मराठी वाचायला वेळ लागतो, ती 'सहकुटुंब'वर अडकली आणि आम्ही हसून हसून बेजार. मी फोनवरून आमंत्रणं करते आहे. मकरंद म्हणतो, रेणू, तू आमंत्रण देत नाहीस, धमकी देतेस. देणारच! आमच्याकडे नुसतं 'या' म्हटलं तर माणसं मनावर घेत नाहीत. चार दिवस आधीच या, राहायलाच या, घरचंच कार्य समजा, असं म्हणावं लागतं. माझी आजी तर पोस्टमनलासुद्धा असंच बोलवायची.

पहिली अक्षत कुलदेवीला द्यायची, पण यांची कुलदेवी पार तिकडे महाराष्ट्रात आणि आईंचे गुडघे धरलेले. त्यांनी पत्रिका आणि कुंकवाच्या अक्षता घरच्या देवापुढेच ठेवल्या. मला ते काही बरं वाटलं नाही. देवीला कसं, समोर जाऊन बोलवायला हवं.

शनिवारी मकरंदला सुट्टी आहे. झाहीराबादच्या पुढे टेकडीच्या पोटात एक देवी आहे म्हणे, झऱ्याची आई. भुयारातून पाण्यातून चालत जायचं. नव्या जोडप्यानं दर्शन घ्यावं असं आई म्हणाल्या. मकरंदनं आम्हा दोघांसाठीच गाडी आणि गाईड ठरवलाय. मी देव्हाऱ्यातल्या चिमूटभर अक्षता एका पिशवीत बांधून घेतल्यात. कुणाला बोलले नाही. येऊन सांगीन.

८ फेब्रुवारी, शनिवार

काय दिवस होता! अंग अजून दुखतंय, पण लिहिल्याशिवाय झोपायची नाही.

गाईड कुलदीप, तिशीचा, डोळ्यांवर गॉगल, तोंडाला कुलूप नाही. घरचा मराठीच, पण बोलणं सगळं इथलं. गाडीत बसल्यापासून 'भाभी, टेन्शन नक्को, अपना रोजचा रस्ता आहे' चालू. टेकडीवर साधं देऊळ आहे आणि त्याच्या मागे पायऱ्या उतरल्या की भुयार. तांबडा जांभा, छताला दिवे, आणि दिव्यांमधल्या काळोखात वटवाघळांची कुजबुज. पाणी आधी पोटरीला, मग कमरेला, मग पार छातीपर्यंत. गार असेल वाटलं होतं, पण कोमट. वास ओल्या तांदळाच्या पोत्यासारखा.

कुलदीपनं बजावलं होतं, आत बोलायचं नाही, सरळ चालायचं, कुठे थांबायचं नाही. मी विचारलं का, तर म्हणाला वटवाघळं बिथरतात. पुढे तो, मग मकरंद, मागे मी, पिशवी मुठीत धरून हात वर. अर्ध्यावर डाव्या हाताला कोनाडा दिसला. आत शेंदराचे दगड, लहानमोठे, दाटीवाटीनं बसल्यासारखे. मधे एक उंच. मला वाटलं, हीच देवी आणि हा तिचा परिवार. ते दोघे पुढे गेले होते. मी अक्षता त्या उंच दगडापुढे ठेवल्या. मुक्यानं कशी देणार अक्षत? हात जोडले आणि नेहमीसारखं सगळं म्हटलं. आमच्या प्राचीचं लग्न आहे एकवीसला, सहकुटुंब सहपरिवार यायचं, नुसतं अक्षतांना नाही, चार दिवस आधीच या, राहायलाच या, घरचंच कार्य समजा.

वटवाघळं गप्प झाली. एकदम सगळी.

निघताना पाहिलं तर अक्षता दगडापुढे नव्हत्या. पाणी तर कोनाड्याच्या खाली होतं. पडल्या असतील.

पुढे भुयार संपतं तिथे खरी देवी, चांदीचे डोळे, समोर पुजारी. मी मनात म्हटलं, शाब्बास रेणू, आमंत्रण शेजाऱ्यांना देऊन आलीस! बाहेर येऊन ढाब्यावर दाबून जेवलो. कुलदीपनं फोटो काढले. मी चांगली दिसते एका तरी फोटोत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कामाचा नुसता धबडगा. बेगमबाजारातून भांडी आली, हलवायाला सांगून झालं, मांडववाल्याशी आईंची दोनदा भांडणं झाली.

प्राची दुपारी जेवून जरा आडवी झाली होती. उठली ती रडवेली. स्वप्नात एक म्हातारी बाई तिच्या हाताचं माप घेत होती, बांगड्या भरायला, आणि बाईचे हात गार होते म्हणे. मी चेष्टा केली, संदेशची आजी असेल! पण तिचं मनगट हातात घेतलं तर ओलं होतं. घाम असेल. फेब्रुवारीतच इथे ऊन किती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पाहुणे यायला लागले. सकाळी आईंच्या माहेरचे, दुपारी बाबांचे चुलते प्रतापराव. घर कसं भरल्यासारखं वाटतंय.

मागच्या पडवीत एक म्हातारी बसली आहे. नऊवारी, कपाळभर कुंकू, पदर डोक्यावरून. पाया पडले तर पाठीवरून हात फिरवला. जरा दमट हात. बरोबर दोन बायका आणि एक पुरुष. मला वाटलं आईंकडचे असतील. चहा नको म्हणाले, नुसता भात हवा. आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, अगो, मला वाटलं तुझ्या सांगलीकडचे! बाबा म्हणाले, लग्नघर आहे, कुणीतरी कुणाचं तरी असतंच, परेशान नको होऊ.

पडवीची फरशी सारखी ओली होते. पुसते, परत होते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज आणखी आले. जिन्यात, गच्चीत, मांडवाच्या खांबांशी. कुणी बेल वाजवलेली मी ऐकली नाही. आईंना काहीच वावगं वाटत नाही. म्हातारीनं सगळी हळकुंडं कुटून दिली, ओव्या किती सुरेख म्हणते, आजकाल अशी माणसं मिळत नाहीत, असं त्या शेजारणीला कौतुकानं सांगत होत्या.

भात पुरत नाही. हंडा ठेवला की संपतो.

आज मला तो वास आला. ओल्या पोत्याचा. पडवीत. भुयारातला.

सरळ म्हातारीसमोर जाऊन बसले. आजी, कुणाकडच्या तुम्ही, म्हणून विचारलं. ती हसली. म्हणाली, असं काय विचारतेस सूनबाई, अक्षत तूच नाही का दिलीस? आजवर आम्हाला कुणी बोलावलंच नव्हतं बघ. चार दिवस आधी या म्हणालीस, आलो.



१९ फेब्रुवारी, बुधवार

कुलदीपला फोन लावला. आधी हसण्यावारी नेत होता. कोनाड्यापुढे थांबले, बोलले, अक्षत दिली, असं सांगितलं तर त्यानं दोनदा विचारलं, अक्षतच का नक्की? मग म्हणाला, भाभी, अक्षत होती तर सांगायचं ना. लग्नाची अक्षत कुणी आत नेत नाही. वरच्या देवळातच ठेवतात.

कोनाड्यात आहे ते वऱ्हाड आहे, म्हणाला. जुन्या काळी नवऱ्यामुलाचं वऱ्हाड मुलीच्या गावाला निघालं होतं, वाटेत वादळ आलं म्हणून भुयारात शिरलं, आणि झऱ्याचं पाणी चढलं. एकही बाहेर आला नाही. नवऱ्यामुलाच्या अंगाला हळद लागलेली होती. त्यांचं कार्य राहून गेलंय, म्हणून त्यांच्यापुढे कार्याचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, मग हे मला आधी सांगायला काय झालं होतं तुला? तर म्हणे, कस्टमर घाबरतात, बुकिंग कॅन्सल करतात. मेल्या!

परत पाठवायचं कसं म्हणून विचारलं. त्याला माहीत नाही. आजवर कुणी बोलावलंच नाही म्हणाला.

मकरंदला सांगितलं. तो म्हणाला, झोप नाही तुला, दगदग झाली. म्हातारीकडे बोट दाखवलं, तर म्हणाला, आत्या आहेत ना त्या! आत्या! कुणाची आत्या? सांगता येईना त्याला, पण आत्या म्हणजे आत्याच.

म्हातारीच्या हातापाया पडले. आजी, चुकलं माझं, परत जा, हवं ते देते. ती म्हणाली, बोलावून आणून कुणी परत लावतं का गं? आणि आम्ही काही रिकाम्या हातानं नाही आलो.

त्यांच्यातला नवरामुलगा कोण, ते अजून दिसलेलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळ

आज हळद. आधी नवऱ्यामुलाला लागते, मग त्याची उष्टी हळद मुलीकडे येते आणि तिला लावतात. ज्याची उष्टी हळद अंगाला लागली, त्याची ती झाली. संदेशकडची माणसं वाटेत अडकलीत. चादरघाटच्या पुलावर गर्दी, असा फोन आला.

आणि म्हातारी उठली. पदराखालून वाटी काढली. काळपट हळद, वर पाणी. आईंना म्हणाली, विहीणबाई, उष्टी हळद आणलीय, बसवा मुलीला.

आणि आई — आई हो म्हणाल्या! चला चला, वेळ होतोय, म्हणाल्या. प्राची पाटावर बसली सुद्धा. हसत होती. पाच सवाष्णी पुढे झाल्या, त्यातल्या तिघींच्या केसांतून पाणी गळत होतं.

मी वाटी हिसकावली. पळाले. वर, न्हाणीघरात, कडी लावून बसले आहे. ही वही कमरेला खोचलेली होती, तीच. खाली गलका. आई ओरडतायत, वेड लागलं का हिला.

हळद मोरीत ओतली. वाटी भरलेली. परत ओतली. परत भरलेली.

नंतर

दाराबाहेर म्हातारी आहे. दार ठोठावत नाही. समजावते आहे, मायेनं. सूनबाई, आणलेली हळद परत नेत नाहीत. कुणाला तरी लागायलाच हवी. मुलीला दे.

प्राची दाराशी आली होती. वहिनी, काय झालं, उघड ना, म्हणत रडत होती. माझ्यामुळे या पोरीच्या लग्नात — मीच बोलावलं. हौसेनं बोलावलं.

नाही लागू देणार.

माझं लग्न झालेलं आहे. माझ्या गळ्यात मंगळसूत्र आहे. मला लागली तर काय होईल? काही नाही होणार. झालेलं लग्न परत होत नाही.

लावली. गालांना, हातांना, पायांना. वाटी पुसून घेतली. आता भरत नाही. रिकामी राहिली! रिकामी!

खाली हॉर्न. संदेशकडची माणसं आली. हसण्याचा आवाज — प्राची किंचाळली, हसत, गार हळद लागली की किंचाळतात तशी. लागली. खरी लागली. देवा, लागली एकदाची.

म्हातारी गप्प झाली आहे. मला वाटलं गेली.

हळद पुसली जात नाही. मंगळसूत्र — आत्ता होतं गळ्यात. मोरीत नाही. कुठेच नाही. मकरंदला हाका मारल्या. खाली वाजंत्री, कुणाला ऐकू —

कोमट पाणी. दाराखालून नाही, मोरीतून. पोटरीपर्यंत. कडी निघत नाही. वही खिडकीच्या फळीवर ठेवून लिहिते आहे. वर — प्राचीला कुणी सांगू नका का ते —

कमरेपर्यंत.

बायका म्हणतायत. मंगलाष्टकं. भिंतीतून. सुरात.

समोर पांढरं कापड धरलंय. दोन्हीकडून हात आहेत, माणसं दिसत नाहीत. पलीकडे कुणीतरी उभं आहे. ठिबकतंय त्याच्या — माझ्या मुठीत अक्षता कुणी दिल्या — हात आपोआप वर —

कापड खाली — शुभमंगल सा