फेल्टिनची अपुरी बंदूक

मी, कॉनराड एश्बाख, व्यवसाय बंदुका घडवणे, राहणार टुल्पेहॉकन ओढ्याकाठी, बर्क्स परगणा, पेनसिल्वेनिया, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पाणी छातीत झाले आहे, डोक्यात नाही. कोणी मला भरीस घातलेले नाही. ते माझ्या पत्नीला, अप्पोलोनियालाही, हयातीत कधी जमले नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे पुढीलप्रमाणे व्हावे.

एक. मला माझा धाकटा मुलगा आदाम याच्या शेजारी पुरावे. पाद्रीबुवांनी प्रवचन आटोपशीर ठेवावे. आदामच्या वेळी लोकांचे पाय गारठले होते आणि त्यांना वाटले सगळे रडताहेत.

दोन. घर, सफरचंदांची बाग आणि गाई थोरला मुलगा फेल्टिन आणि सून कात्रीना यांना. मुलगी बार्बारा हिला तिच्या आईची पेटी, पिसांची गादी आणि मुरंब्याची तांब्याची कढई. कढईवरून नणंद-भावजयींनी भांडू नये. भांडतीलच, पण ती बार्बाराची आहे.

तीन. भाता, ऐरण, घण, सांडशी आणि कानशी फेल्टिनला. नळीला आतून पेच, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, पाडायची माझी लाकडी घोडी मात्र डेवाल्ड रीगेल याला द्यावी. वाचणाऱ्याने घुटमळू नये, लिहिताना चूक झालेली नाही. डेवाल्ड आणि मी एकाच उस्तादाकडे शिकलो, एकाच माळ्यावर झोपलो आणि एकाच खोऱ्यात दोन भट्ट्या घातल्या. पुढे बंदुकीच्या दस्त्यात, म्हणजे मागच्या लाकडात, बसवायच्या पितळी डबीच्या झाकणावर मी जे फूल कोरायचो ते त्याने उचलले. मी चर्चच्या पायरीवर त्याला चोर म्हणालो. तो म्हणाला, "फूल देवाचं आहे रे. आणि तुझी बंदूक भिंतीवर फार शोभते, तिला तिथंच राहू दे." तेव्हापासून आमचे बोलणे बंद. हे भांडण मी सोबत घेऊन जाणार होतो, पण आता तसे करता येणार नाही. या हिवाळ्यात त्याने स्वतःची घोडी फोडून सरपणात घातली. त्याच्याकडे गिऱ्हाईक उरलेले नाही. कारण पाचव्या कलमात आहे.

चार. फेल्टिनसाठी करायला घेतलेली लांब नळीची बंदूक त्याला आहे तशी मिळावी. लोखंडाची पट्टी सळईभोवती वळवून, बोट बोट तापवून मी तिची नळी जोडली. घण फेल्टिननेच मारले. आत दोरा ताणून, उजेडाकडे धरून, तिचा बाक काढला. पेच पाडताना घाई केली नाही. दस्ता मेपलचा, तेजाब लावून तापल्या लोखंडाजवळ धरला तेव्हा लाकडातल्या लाटा वर आल्या, आणि फेल्टिन कितीतरी वेळ त्यावरून अंगठा फिरवत बसला होता. माझ्या हातून याहून चांगली वस्तू झालेली नाही. पण या नळीला कान पाडलेला नाही, म्हणजे चापाच्या गारगोटीची ठिणगी आतल्या दारूपर्यंत जायचे बारीक भोक. आमच्याकडे ते सर्वांत शेवटी, घेणारा समोर उभा असताना पाडतात. मी ते मुद्दाम राहू दिले आहे.

आदामच्या शवपेटीवर हात ठेवून फेल्टिनने सगळ्यांदेखत शपथ घेतली, की या बंदुकीचा पहिला बार डेवाल्डच्या छातीत. तेव्हापासून तो रोज विचारतो, "बाबा, झाली का?" मी म्हणतो, "हात थरथरतो रे." माझा हात थरथरत नाही. भिंतीवर दोन चालत्या बंदुका टांगलेल्या असताना माणूस अपुऱ्या बंदुकीची शपथ का घेतो, याचा मी पडल्या पडल्या खूप विचार केला आहे. पण माझे डोळे मिटले की तो कोणाकडूनही कान पाडून घेईल आणि मग शब्द पाळावाच लागेल. त्या भीतीने मला झोप लागत नाही. म्हणून पुढचे कलम.

पाच. आदामची फुटलेली नळी फेल्टिनला. ती माझ्या पलंगाखाली घोंगडीत गुंडाळून ठेवली आहे.

आदामला माझ्या बंदुका जड वाटत, म्हणून त्याने डेवाल्डकडून घेतली. ते मला फार झोंबले होते. गेल्या शरदात दोघे भाऊ डोंगरावर हरणामागे गेले आणि फेल्टिन भावाला खांद्यावर घेऊन परत आला. त्याने सांगितले, नळी फुटली, डेवाल्डचा जोड कच्चा होता. खोऱ्याने ते मान्य केले. मीही केले, आणि खरे लिहायचे तर त्या दुःखातही मला कुठेतरी बरे वाटले.

मग मी ती नळी पुसून उजेडात धरली. जोड कच्चा असता तर ती जोडाच्या रेषेवर लांबीत उकलली असती. डेवाल्डचा जोड या टोकापासून त्या टोकापर्यंत शाबूत आहे. नळी मधोमध कड्यासारखी फुगून जोडाच्या उलट बाजूला फाटली आहे, आणि तिथे आत शिशाचा डाग आहे. गोळी तिथे अडकली होती. एक बार झाला की नळीत काजळी धरते, दुसरी गोळी जड जाते. ती गजाने दारूपर्यंत ठासली नाही, वाटेतच राहू दिली, तर कोणाचीही नळी फुटेल. माझीही फुटेल.

ती गोळी आदामने ठासलेली नाही. त्याचा डावा हात आदल्या दिवशी भट्टीवर भाजला होता. पट्टी मीच बांधली होती. फांदीवर नळी टेकवून त्याला चाप ओढता येत होता, ठासता येत नव्हते. बंदूक फेल्टिनने भरली.

फेल्टिन, हे तुझ्या तोंडावर बोलायला हवे होते. कितीदा तोंड उघडले आणि तुझ्याकडे पाणी मागितले. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. हरीण समोर उभे असताना कोण थांबतो? पण ज्याचे काही चुकले नाही त्याला मारून तुला आदामला विसरता येणार नाही, आणि मला दुसरा मुलगाही घालवायचा नाही. हे चारचौघांत वाचले जाईल आणि तुझी मान खाली जाईल. बापाने मुलाची मान खाली घालावी, याचे मला फार वाईट वाटते. दुसरा उपाय मला सुचला नाही.

वरील कलमे लिहून झाल्यावर साक्षीसाठी शाळामास्तर योहान्नेस श्पांगलर आणि डेवाल्ड रीगेल यांना बोलावले. डेवाल्ड येईल असे वाटले नव्हते. तो आला, टोपी न काढता बसला आणि मास्तरांनी वाचले ते त्याने ऐकून घेतले. पुढे जे झाले तेही जोडतो, म्हणजे माझ्यामागे कोणी तिखटमीठ लावायला नको.

डेवाल्ड म्हणाला, "पाचवं कलम खोड."

"अरे गाढवा, त्यात तुझंच नाव धुऊन निघतंय."

"तेच तर म्हणतोय. मला ना मूल ना बाळ. माझं नाव माझ्याबरोबर मातीत जाणार. तुझ्या पोराला इथं जन्म काढायचाय. लिही, की डेवाल्डचा जोड कच्चा होता. मी खाली सही करतो."

"आणि त्यानं तुला गोळी घातली तर?"

"घालू दे. भट्टी बंदच आहे माझी. दिवसभर नुसता बसून असतो."

आपल्या जोडावर कोणी बोट ठेवले तर हा माणूस हातातल्या घणासकट अंगावर धावून जायचा. मी लेखणी शाईत बुडवली. खोडणार होतो की नव्हतो, हे माझे मला सांगता येत नाही.

फेल्टिन सरपणाचा भारा घेऊन दारात उभा होता. केव्हापासून, ते कोणाला कळले नाही.

"काका, सही नका करू," तो म्हणाला. "गज अर्ध्यावर अडकला होता. माझ्या हाताला कळलं होतं ते. आदाम म्हणाला, दे लवकर, हरीण जाईल. आणि मी दिली."

मग तो मास्तरांना म्हणाला, "हे लिहून घ्या." मास्तर म्हणाले, वारसाचे बोलणे मृत्युपत्रात घालायची रीत नाही. मी म्हणालो, रीत गेली चुलीत, आणि माझ्या हाताने लिहिले. पाचवे कलम जसेच्या तसे ठेवले आहे. फेल्टिन अजून भारा धरूनच उभा आहे. त्याला बस म्हणायला हवे.

टुल्पेहॉकन, ९ फेब्रुवारी १८०४.

सही: कॉनराड एश्बाख

आमच्यादेखत सही झाली:

योहान्नेस श्पांगलर, शाळामास्तर

डेवाल्ड रीगेल, बंदुका घडवणारा. आदामची नळी मी घडवली.