रिकामी रांग

प्रिय दादूस,

अरे, फोन उचल ना! सकाळपासून लावतेय. तळ्यावर रेंज नाही, आणि एकदा लागला तर तू उद्याच्या ओटीचा नारळ आणल्याचं सांगून कटच केलास. म्हणून इथे अलिबागला, लॅबमध्ये बसून लिहायला घेतलंय. मशीन चालू आहे. बाहेर दयाराम टेम्पोत तुझ्या कोळंबीच्या बीजाच्या पिशव्या घेऊन उभा आहे आणि सारखा हॉर्न मारतोय. पिशव्यांतली हवा उद्या सकाळपर्यंतच पुरेल, म्हणतो. मला काय ते कळत नाही?

सकाळी तुला डीएनए तपासणीच्या जेलचा फोटो पाठवला, ती माझीच घाई. तुला एवढंच ठाऊक, की रेघ उमटली म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि नाही उमटली म्हणजे बीज चांगलं. तुझ्या रांगेत रेघ दिसली नाही आणि तू अख्ख्या थळ गावात पेढे वाटायला निघालास! अरे बाबा, फोटो पूर्ण तरी बघायचास. कडेला मोजपट्टीच्या रेघा होत्या, म्हणजे जेल नीट चाललं होतं. पण तिच्या शेजारच्या रांगेत मी मुद्दाम रोगट कोळंबीचा डीएनए घातला होता. तिथे रेघ यायलाच हवी होती, आणि तिथेही काळोखच. म्हणजे त्या खेपेला कुणाचाच डीएनए वाढला नाही. लाइट गेली होती तेव्हा फ्रीजरमधलं डीएनए वाढवणारं एन्झाइम खराब झालं असणार. फाटकं जाळं रिकामं वर आलं, तर खाडीत मासळीच नाही असं म्हणशील का तू? तसंच आहे हे. आता नवं एन्झाइम आणून सगळं पुन्हा लावलंय.

गेल्या वर्षीचं डोळ्यांसमोरून जात नाही रे. काठाला लागलेली लालसर कोळंबी, तो वास, आणि बांधावर गुडघ्यांत डोकं घालून बसलेला तू. जेवायला हाक मारली तरी उठत नव्हतास. या खेपेला मेली तर तिकडे गुजरातला वेरावळच्या मच्छीमार बोटीवर जातो, परत येत नाही, असं तू केसरवहिनीला बोललास म्हणे. तिने मला रडत रडत सांगितलं. सातवा महिना लागलाय तिला, असं बोलतात का कुणी? आणि उद्या तीच खाडीची ओटी भरून तळ्यात पहिली पिशवी सोडणार. आपल्या घरची रीतच ती, मला माहीत आहे. हिरवं लुगडंही काढून ठेवलं असेल तिने.

थांब, मशीन थांबलं. जेलवर चालवून बघून येते.

बघितलं. रोगट रांग या वेळी लख्ख उजळली. नुसत्या पाण्याची रांग रिकामी, ती तशीच हवी. तुझं बीज मी दोन रांगांत घातलं होतं, एखादी चुकली तर म्हणून. दोन्हींत रेघ आहे, रोगट रांगेतल्या रेघेच्या बरोब्बर समोर. कितीदा तरी पाहिली. दयारामने पुन्हा हॉर्न मारला, तर उगाच त्याच्यावर खेकसले.

दादूस, उद्या टेम्पो बांधावर येईल तो रिकामा येईल. बीज मी इथेच उतरवून घेतलंय. ब्लीचिंग टाकून संपवणार, खाडीत एक थेंब जाऊ देणार नाही. बीज विकणाऱ्या हॅचरीवाल्याला फोटो पाठवलाय, भांडायचं ते मी भांडते. दयाराम हे पत्र हातात देईल तेव्हा वहिनी ओटी घेऊन तुझ्या शेजारी उभी असेल. आधी तिला सावलीत बसव, मग मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण वेरावळचं नाव काढायचं नाही. गेल्या वर्षी तळं मेल्यावर आपल्याला कळलं, या वेळी आधी कळलंय. तुझ्या तळ्यात काहीही मेलेलं नाही रे. नारळ ठेवून दे. पुढचं बीज तपासून मीच टेम्पोत बसून घेऊन येते, तोवर कुठे जाऊ नकोस.

तुझीच,
साक्षी