कंपनीला मी एकटा पुरेसा आहे

३ सप्टेंबर, डुलूथ, अमेरिका
मार्चमध्ये सरकारी शाळेत बँड शिकवायला दहा वर्षं पुरी होतील. सरकारी नोकरीत दहा वर्षं हप्ते भरले की उरलेलं शिक्षणकर्ज माफ! बायकोला म्हटलं, मार्लिस, हॉस्पिटलातली शनिवार-रविवारची ज्यादा ड्यूटी एक मार्चपासून सोड. कळवून टाक आत्ताच. बिचारी चक्क नाचली.

५ सप्टेंबर
कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीचं पत्र. चार वर्षांचे हप्ते धरणार नाहीत. मी म्हणे चुकीच्या योजनेत होतो. तिथं टाकलं कुणी? यांनीच!
मार्लिस म्हणाली, राज्य सरकारचं एक ऑफिस आहे, कर्जदारांची बाजू घेऊन कंपन्यांशी भांडतं, तेही फुकट. तिच्या वॉर्डातल्या डेलबर्टचं काम झालं तिथं. मी म्हटलं, साठ पोरांच्या हातात ट्रंपेट देऊन त्यांना गप्प बसवणारा माणूस आहे मी. कंपनी काय चीज आहे!

८ सप्टेंबर
कंपनीला फोन केला. वाट पाहायला लावून सॅक्सोफोन ऐकवतात. बेसूर. बाई आल्यावर आधी तेच सांगितलं. तिनं फोन दुसरीकडे जोडला. कट झाला.
घाबरलेत.

२१ ऑक्टोबर
विजय! आज आवाज चढवला. पलीकडचा ब्रेंट नावाचा पोरगा गडबडला. म्हणाला, सर, तुमचं प्रकरण सुटेपर्यंत हप्ते थांबवायचे का? म्हटलं, थांबवाच! लगेच थांबवले.
मार्लिसनं विचारलं, थांबलेले महिने दहा वर्षांत धरतात का रे? ही बाई आनंदात खडा टाकल्याशिवाय राहत नाही.

१४ जानेवारी
माझ्या तक्रारीच्या पत्राला कंपनीकडून उत्तर नाही. मुद्दे बिनतोड असले की असंच होतं.

२ मार्च
मार्लिस पहिल्या शनिवारी घरी. दुपारपर्यंत झोपली. उठून म्हणाली, माफीचं पत्र आलं का? मी बर्फ उपसायला बाहेर गेलो. आधीच उपसलेला होता. पुन्हा उपसला.

५ मार्च
त्या सरकारी ऑफिसला फोन केला. मदतीसाठी नाही. माझा अनुभव त्यांच्या कामी यावा म्हणून. ओलुंड नावाच्या बाई. म्हणाल्या, अहो, सप्टेंबरातच का नाही केलात फोन?

११ एप्रिल
ओलुंडबाईंनी कंपनीला धारेवर धरलं. चारही वर्षं धरली गेली! मी म्हटलं, म्हणजे झाली माफी? त्या म्हणाल्या, कंपनीच्या चुका मी सुधारल्या हो. पण ऑक्टोबरपासूनचे हप्ते तुम्हीच थांबवायला सांगितलेत. फोनचं रेकॉर्डिंग ऐकलं मी. तुमचा आवाज फार स्पष्ट आहे.
म्हणजे ते महिने दहा वर्षांत धरणार नाहीत, आता तेवढे हप्ते आणखी भरायचे. मार्लिसनं आधी सगळी भांडी आवरली. मग म्हणाली, ड्यूटी मी परत मागणार नाही, लोवेल. आता तुझी पाळी.

२० एप्रिल, शनिवार
हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये रुजू. जबाबदारीचं काम आहे. ट्रे धुणं. इथली ट्रे रचायची पद्धत साफ चुकीची. मॅनेजरला चार गोष्टी सुनावायचं ठरवलं आणि मार्लिसला फोन करून तसं सांगितलं. ती झोपेतूनच म्हणाली, लोवेल, तोंड उघडू नकोस.
नाही उघडलं.